जुनी गाडी कशी चालवायचात? हाताला आठवतंय ते लिहा

घाटवाटा

जुन्या गाड्यांवर इथे आधीही धागे निघालेत, पण त्यात फोटो आणि 'काय दिवस होते ते' यापलीकडे फारसं काही नसतं. मला वेगळं हवंय. गाडी चालवायची कशी, ते लिहा. चोक (गार इंजिनाची हवा कमी करून पेट्रोल दाट करणारं ओढायचं बटण) कधी आत ढकलायचा, घाटात कुठे थांबायचं, पेट्रोल चढेनासं झालं की काय करायचं. हे ज्यांच्या हातात होतं ती मंडळी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडून ते उतरवून घ्यायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

सुरुवात मी करतो. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, १९७८ सालची. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग एकच बाकडं. वडिलांनी ती साताऱ्याला घेतली आणि मी तिच्यावरच शिकलो. घरात सगळे तिला फियाटच म्हणायचे.

थंडीत सकाळी गाडी सुरू करायची म्हणजे त्याला एक क्रम होता. आधी बोनेट उघडून ऑइलची पट्टी बघायची, रेडिएटरचं पाणी बघायचं. मग चोक पूर्ण ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटर एकदोनदा दाबून सोडायचा म्हणजे कार्ब्युरेटर आत थोडं पेट्रोल फेकतो, आणि मग सेल्फ. सेल्फ लांबवत बसायचं नाही, बॅटरी जाते. इंजिन धरलं की चोक एकदम आत टाकायचा नाही. आवाज जड व्हायला लागला, मागून काळा धूर दिसला, की थोडा आत. परत ऐकायचं, परत थोडा आत.

आणि बॅटरी बसलेली असेल तर हँडल. हे हँडल डिकीत जॅकशेजारी असायचं. पुढच्या बंपरच्या भोकातून आत सारलं आणि जरा दाबून फिरवलं की ते क्रँकच्या खाचेत बसतं. आधी गिअर न्यूट्रलला आहे ना हे हलवून बघायचं, कारण नाहीतर गाडी अंगावर येते. वडिलांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती अंगठ्याची. हँडल धरताना अंगठा बोटांच्या समोरून वळवायचा नाही, पाचही बोटं एकाच बाजूला ठेवायची. इंजिनने उलटा झटका मारला तर हँडल हातातून सुटून जातं. अंगठा गुंडाळलेला असेल तर मोडतो. दुसरी गोष्ट, खालून वर ओढायचं, वरून खाली कधीच दाबायचं नाही. कारण तेच.

इग्निशन बंद ठेवून वडील हँडल आधी सावकाश फिरवायचे. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर दाबाला येतं आणि हाताला अडतं. एखादं अडत नाहीसं झालं, मऊ गेलं, की त्यांना कळायचं, वॉल्व्ह तरी नीट बसत नाहीये किंवा पिस्टनच्या रिंगा तरी गेल्यात. गॅरेजवाल्याला ते तसंच सांगायचे आणि तो मान्य करायचा.

हे सगळं माणसं का शिकली? कारण दुसरी गाडी मिळणार नव्हती. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं. हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढेच बनवणारे. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. अशी मिळालेली गाडी माणूस वीस वर्षं वापरणार, मुलाला देणार, म्हणजे तिच्या पोटात काय चाललंय हे माहीत असणं भाग होतं.

आता घाट. द्रुतगती मार्ग व्हायच्या आधी मुंबईला जायचं तर जुन्या रस्त्याने बोरघाट. उतरताना फारसं काही नाही, येताना खोपोली सुटली की परीक्षा. चढण सुरू व्हायच्या आधीच दुसरा टाकायचा. इंजिन धापा टाकायला लागल्यावर टाकलेला गिअर उशिराचा. तापमानाचा काटा बघत राहायचं. बऱ्याच गाड्यांचा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी रोखणारी झडप) मेकॅनिक काढूनच टाकायचे, आपल्या हवेत नको म्हणून. शिंगरोबाच्या देवळाशी सगळे नाणं टाकायला हळू व्हायचे. ज्याचा काटा चढलेला असेल तो तिथे कडेला घेऊन बोनेट उघडायचा. गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही. ओल्या फडक्याने धरून आधी थोडं फिरवायचं, वाफ जाऊ द्यायची, मग काढायचं. आणि गार पाणी ओतताना इंजिन सावकाश चालू ठेवायचं, थोडं थोडं ओतायचं, नाहीतर तापलेला ब्लॉक तडकतो.

आता तुम्ही लिहा. गाडी कुठलीही चालेल.

कोल्हापुरी_लेथ

घाटवाटा, हँडलचं जे लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर. कॉम्प्रेशन हातावर ओळखणारे लोक मी पण बघितलेत.

आमचं उद्यमनगरात लेथचं काम. वडील असल्यापासून. फियाटच्या पुढच्या चाकाचं किंगपिनचं (चाक ज्याभोवती वळतं ती पिन) काम सारखं यायचं. वरून पार्ट मागवला तर कधी येईल सांगता येत नसे, म्हणून बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) इथेच करायचो. गनमेटलचा दांडा घ्यायचा, बाहेरून साइज करायचा, आतून थोडा कमी ठेवायचा, ठोकून बसवायचा आणि मग हाताने रीमर (भोक मापात आणणारं हत्यार). रीमर एकाच दिशेने फिरवायचा, काढतानासुद्धा त्याच दिशेने. शेवटी पिनला तेल लावून बुशमध्ये उभी सोडायची. आपल्या वजनाने हळूहळू खाली उतरली पाहिजे. धाडकन गेली तर बुश बाद, अडकली तर अजून एक हात मारायचा. वडील त्या वेळी कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

पण मला खरी आवडायची ती स्टँडर्ड हेराल्ड. सगळं बोनेट मडगार्डासकट पुढच्या बाजूला उलटं उघडतं. टायरवर बसून इंजिनचं काम करा, पाठ दुखत नाही. आणि चाकं इतकी वळायची की पंचवीस फुटांत गाडी फिरायची. महाद्वार रोडसारख्या गर्दीत रिक्षाच्या बरोबरीने वळायची.

हेराल्डची एक गोष्ट अजून सांगतो, जुनी गाडी घेणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. पुढच्या चाकाच्या खालच्या बाजूला जो ट्रनियन असतो, पितळी, आट्याचा, त्यात ग्रीस भरायचं नसतं. त्याला ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. ग्रीस आत जाऊन बसतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं आणि आतून गंजत जाऊन एक दिवस चाकच आडवं होतं. बघेल त्या निपलला (ग्रीस भरायच्या तोटीला) ग्रीसगन लावायची सवय असलेल्या माणसाकडे हेराल्ड देऊ नका. मागचा अ‍ॅक्सल पण स्विंग जातीचा आहे, जोरात वळणावर घेऊन मध्येच पाय काढला की मागची चाकं आत दुमडतात. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा आणि वळणात हलका पाय ठेवायचा. हेराल्ड चालवणाऱ्यांना हे पाठ होतं.

मी_नाशिककर

घाटवाटा, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी पद्मिनीवर शिकले, बाबांनी शिकवलं. तेव्हा नाशिकमध्ये गाडी चालवणाऱ्या बायका फार दिसायच्या नाहीत, आणि बाबांचं म्हणणं होतं की शिकायची तर पूर्ण शिकायची, नुसती गंगापूर रोडवर मिरवायला नाही.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी चढ आहे. तिथे गाडी उभी करून बाबा खाली उतरायचे आणि मागच्या चाकामागे काड्यापेटी उभी ठेवायचे. गाडी पुढे काढायची, काड्यापेटी चुरगळता कामा नये. क्लच सोडत आणायचा, एका जागी गाडीचं नाक किंचित वर उचललं जातं, इंजिनचा आवाज थोडा खाली बसतो. तिथे पाय थांबवायचा. मग हँडब्रेक सोडायचा. ती जागा पायाला सापडली की जन्मभर सुटत नाही. आज माझ्या गाडीत चढावर आपोआप ब्रेक धरून ठेवणारी सोय आहे, तरी माझा पाय ती जागा शोधतोच.

पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नव्हता. म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की खर्रर्र. चालत्या गाडीत टाकायचाच असेल तर डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरासा रेस, पुन्हा क्लच दाबून पहिला. कसारा घाटात एखादा ट्रक पुढे अगदी गोगलगायीच्या चालीने चढत असला की याची गरज पडायची. जमलं की लोण्यातून सुरी गेल्यासारखा गिअर बसायचा.

वय झालेल्या गाडीत दांड्यावरच्या गिअरच्या खालच्या जोडाचे बुश झिजायचे. मग दोन गिअरच्या मध्ये लिव्हर अडकायची. भाऊ खाली उतरायचा, बोनेट उघडायचा, स्टिअरिंगच्या दांड्याच्या बुडाशी हात घालून ते जोड सरळ करायचा, बोनेट आपटायचा आणि परत येऊन बसायचा. सिग्नल हिरवा होईपर्यंत हे आटपलेलं असायचं.

आणि हाताचे इशारे! उजवीकडे वळायचं तर हात सरळ बाहेर, डावीकडे तर हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट फिरवायचा, हळू होतोय तर तळवा खाली करून वरखाली. शिकाऊ परवान्याच्या वेळी हे विचारायचेच. आजही परीक्षेत असतात, रस्त्यावर कुणी करत नाही.

पुढच्या काचेजवळची ती छोटी तिकोनी काच आठवते का? ती उलटी वळवली की वारा थेट तोंडावर. नाशिकच्या मे महिन्यात तोच एसी.

छागल

नागपूरहून. आमची अँबॅसडर होती, मार्क ३. मूळ मॉरिस ऑक्सफर्डचा सांगाडा, १४८९ सीसीचं इंजिन, उत्तरपाड्याला बनायची, आणि हा कारखाना २०१४ च्या मे महिन्यापर्यंत चालू होता.

थंडीचं तुम्ही लिहिलंत, मी उन्हाळ्याचं लिहितो. नागपूर-अमरावती रस्ता, मे महिना, पंचेचाळीस अंश. कोंढाळीच्या आसपास गाडी दोन-तीन झटके द्यायची आणि बसायची. बाहेरच्या माणसाला वाटतं पेट्रोल संपलं. पेट्रोल भरपूर असतं. त्या काळच्या गाड्यांचा पेट्रोल ओढणारा पंप, आम्ही त्याला एसी पंप म्हणायचो, इंजिनलाच बोल्टने बसवलेला असतो. इंजिन तापलं की पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, पुढे सरकत नाही, कार्ब्युरेटर कोरडा. याला उपाय एकच, गार करणं. सुती फडकं ओलं करून पंपावर आणि नळीवर गुंडाळायचं, वरून अधूनमधून पाणी शिंपडायचं. दहा मिनिटं संत्र्याच्या झाडाखाली उभं राहायचं आणि मग सेल्फ मारायचा. काही लोक ते फडकं कायमच बांधून ठेवायचे आणि निघताना भिजवायचे.

पाणी कुठून? छागल. जाड कॅनव्हासची पिशवी, पुढच्या बंपरला किंवा आरशाला टांगलेली. कापडातून पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडतं आणि आतलं गार होतं. गाडी जितकी पळेल तितकं पाणी गार. त्यातलंच पाणी पिण्याला, त्यातलंच फडक्याला, आणि वेळ आली तर रेडिएटरलाही. नवी छागल आणली की आधी रात्रभर भिजवून ठेवायची, कापड फुगून गळणं बंद व्हायला. माझं इथलं टोपणनाव तिथूनच घेतलंय.

अजून एक, अँबॅसडरचा डिपर (हेडलाइटचा झोत खाली-वर करायचं बटण) पायात होता. क्लचच्या डावीकडे जमिनीवर बटण. समोरून गाडी आली की डाव्या पायाने टप्प. रात्रीच्या दुपदरी रस्त्यावर डावा पाय सतत कामात. पण स्टिअरिंगवरचे दोन्ही हात हलत नसत, आणि रात्रीच्या वेळी मला ती पद्धत अजूनही जास्त बरी वाटते.

आमच्या आईचा नियम, उन्हाळ्यात निघायचं तर पहाटे चारला. दहाच्या आत बडनेरा गाठायचं. हा नियम गाडीपेक्षा आमच्यासाठी होता, पण गाडीनेही तो मानला.

वाचनमात्र

काय सुंदर धागा. काड्यापेटीचं वाचून आमच्या मामांची आठवण आली, तेही हेच करायचे, फक्त काड्यापेटीऐवजी त्यांचं घड्याळ. वाचतेय, लिहीत राहा.

सुरक्षित_अंतर

एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. या गाड्यांना पट्टे नव्हते, स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीच्या दिशेने, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मी अपघात विभागात काम केलंय. जुन्या गाडीतून आलेले आणि नव्या गाडीतून आलेले जखमी यांच्यातला फरक मी डोळ्यांनी बघितलाय. पुढच्या बाकावर आईच्या मांडीवर पोर, ही आठवण सगळ्यांना गोड वाटते. मला ती बघवत नाही. कौशल्य मान्य, पण त्या गाड्यांमध्ये चूक करायला जागाच नव्हती, हेही धाग्यात असू दे.

घाटवाटा

@सुरक्षित_अंतर, राग कसला, हे लिहिलंत ते फार बरं झालं. तुमचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. मुलांना त्या गाडीत आज मी बसवणार नाही.

ब्रेकचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण चालवण्याची सगळी शिस्त तिथूनच आली. ड्रम ब्रेक सतत दाबले की आत उष्णता कोंडते. ड्रमला आतून घासणारं लायनिंग तापलं की त्याची पकड जाते, ड्रम फुगून त्याच्यापासून लांब जातो, पेडल दाबलं जातं पण गाडी थांबत नाही. लायनिंगचा जळका वास आला म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. म्हणून नियम होता, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक वळणासाठी राखून ठेवायचा. दाबायचा तो ठाम दाबायचा आणि सोडायचा, त्यावर पाय रेलून बसायचं नाही. आणि उतारावर न्यूट्रल, पेट्रोल वाचवायला म्हणून लोक करायचे, ते वडील कुणालाही करू द्यायचे नाहीत. गाडी त्यांची नसली तरी ते सांगायचे.

चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हेही तेव्हा पाळलं जायचं. भरलेली गाडी चढावर थांबली तर परत निघताना क्लच जळतो, हे समोरच्याला ठाऊक असायचं, कारण त्याची गाडीही तसलीच.

काळीपिवळी

माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे. पद्मिनीच. घाटवाटांनी घरच्या गाडीचं लिहिलं, मी धंद्याच्या गाडीचं लिहितो.

घरच्या गाडीला सकाळी एकदा सुरू करायची असते. टॅक्सी दिवसभर अर्ध्या क्लचवर. क्लचप्लेट हा मोठा खर्च. वडील दादर टीटीच्या गर्दीत पुढच्या गाडीला मुद्दाम थोडी जागा जाऊ द्यायचे आणि मग एकदाच पहिल्यावर सरकायचे. सारखं इंचाइंचाने पुढे नाही. मागची गिऱ्हाइकं वैतागायची. पण त्यांची क्लचप्लेट स्टँडवरच्या बाकीच्यांपेक्षा जास्त टिकायची, आणि स्टँडवरचे लोक नव्या पोराला सांगायचे, याच्या बाजूला बसून शीक.

बाहेर डाव्या बाजूला तो लोखंडी मीटर. झेंडा खाली पाडला की टिकटिक सुरू. भाडं वाढायचं पण जुन्या मीटरचे दात तेच, म्हणून मीटरवरचा आकडा वेगळा आणि रेटकार्डावरचं भाडं वेगळं. वडिलांना पूर्ण कार्ड पाठ होतं, तरी ते प्रत्येक वेळी कार्ड काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. स्वतः आकडा सांगायचा नाही, हा त्यांचा नियम. पाऊस पडला की त्या मीटरवर घालायची एक प्लास्टिकची टोपी असायची, आई ती घरी शिवायची.

पावसाचं अजून एक. हिंदमाताला पाणी भरलं की डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) ओल जायची आणि गाडी बंद. झाकण काढायचं, आतून कोरड्या फडक्याने पुसायचं, आत फिरणारा रोटर पुसायचा, वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट पॉलिशपेपरने हलकेच घासायचे. वडील झाकणावर आधीच सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून ठेवायचे. पाण्यातून जाताना पहिला गिअर, रेस वाढती आणि अजिबात सोडायची नाही, म्हणजे सायलेन्सरमधून पाणी आत येत नाही.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. पेपरात बातमी आली तेव्हा वडिलांनी ती दोनदा वाचली आणि मला म्हणाले, गाडीत काही खराबी नव्हती, वय झालं होतं.

मांडवीकाठ

आमच्या गोव्याचं थोडं वेगळं. १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज राज्य, परदेशी गाड्या आणायला देशातल्यासारखी अडकाठी नव्हती. त्यामुळे मुक्तीनंतरही कितीतरी वर्षं आमच्याकडे टॅक्सी म्हणून मर्सिडीज चालायच्या, ओपेलही होत्या. मुंबईहून आलेले पाहुणे मर्सिडीजच्या टॅक्सीत बसून थक्क व्हायचे. पार्ट येणं बंद झालं आणि इथल्या मेकॅनिकांनी एका गाडीचं दुसरीला लावत त्या जगवल्या. फोंड्याला आमच्या शेजारी एक म्हातारा मेकॅनिक होता, डिझेल मर्सिडीजचा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) तो नुसत्या आवाजावरून कुठला बिघडलाय ते सांगायचा. एकेका सिलिंडरची नळी ढिली करायची. ढिली केल्यावर आवाज बदलला नाही तर तोच दोषी.

आठशे_८६

मारुतीवाल्यांनाही थोडी जागा द्या की. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली चावी दिली गेली, किंमत साधारण ४७,५०० रुपये. आमची १९८६ च्या नव्या आकाराची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना. माझे वडील आधी फियाट चालवायचे. मारुती आली तेव्हा रोज सकाळी बोनेट उघडून ऑइल बघायचे आणि रोज ते तेवढंच असायचं. आधी त्यांचा विश्वासच बसेना. चोक होताच, पण सेल्फ पहिल्या हिसक्यात धरायचा. हँडलला भोकच नाही.

घाटात मारुती दुसऱ्यावर सहज चढायची, काटा जागचा हलायचा नाही. मला वाटतं माणसांची कानाने गाडी ऐकायची सवय तिथून कमी व्हायला लागली. गाडी चांगली निघाली म्हणून. मी याला वाईट म्हणत नाही, आईला एकटीने गाडी घेऊन माहेरी जाता यायला लागलं ते मारुतीमुळेच.

मी_नाशिककर

@आठशे_८६, अगदी. मलाही पद्मिनी घेऊन एकटीने रात्री कुठे जायची हिंमत नव्हती. मारुतीने ती दिली.

वाड्यातली_गाडी

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितोय. वाईला आमच्या वाड्यात आजोबांची पद्मिनी आहे, १९८१ ची. सोप्याच्या बाजूला छपराखाली, बरीच वर्षं उभी. पत्रा खालून थोडा गेलाय, सीटचं रेक्झिन फाटलंय, पण बाकी जागच्या जागी आहे. हँडलही डिकीत सापडलं. मला ती चालू करायची आहे. एका मित्राने बॅटरी आणून सेल्फ मारू म्हटलं. करू का? आणि कागदपत्रांचं काय?

कोल्हापुरी_लेथ

थांब दादा. बॅटरी लावूच नकोस अजून.

उभ्या गाडीच्या सिलिंडरच्या भिंतींवर तेल राहिलेलं नसतं, रिंगा चिकटलेल्या असतात. सेल्फ मारलास तर रिंगा तुटतील नाहीतर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) ओरखडला जाईल. आधी चारही प्लग काढ. प्रत्येक भोकातून चमचाभर पातळ तेल सोड. दोन-तीन दिवस तसंच ठेव. मग गाडी न्यूट्रलला, हँडल घाल आणि दोन्ही हातांनी सावकाश पुढेमागे हलवून बघ. जोर लावू नकोस. हललं नाही तर अजून तेल, अजून दोन दिवस. प्लग काढलेले असल्यामुळे झटका बसणार नाही, तरी अंगठ्याचं घाटवाटांनी सांगितलंय ते लक्षात ठेव, सवय पहिल्यापासूनच लागली पाहिजे.

फिरायला लागलं की जुनं ऑइल काढून नवं टाक. टाकीतलं पेट्रोल सगळं काढ, ते आता वार्निश झालेलं असेल. टाकी खाली उतरवून आतून धुऊन घे, गंज असणारच. रबरी नळ्या आणि पंपाचं डायफ्रॅम बदल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि चिरतं. नळ्या घेताना इथेनॉल चालणाऱ्याच माग. आणि गाडी पुन्हा महिनोन्महिने उभी ठेवणार असलास तर टाकीत पेट्रोल ठेवू नकोस, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी परत गंजते.

ब्रेक शेवटी नाही, इंजिन सुरू करायच्या आधी. चारही चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर उघडून रबरं बदलायची. चालू झाली म्हणून आनंदात अंगणातून बाहेर काढली आणि ब्रेकच नाही, असं व्हायला नको. पार्ट मुंबईत ऑपेरा हाउसच्या भागात, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतील. जे मिळणार नाही ते माप घेऊन पाठव, करून देतो.

घाटवाटा

कागदांचं मी सांगतो. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरायचा. विक्रीचा फॉर्म ३० वेगळा, त्यात घोटाळा करू नकोस. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, दर पाच वर्षांनी, आणि आपल्याकडे पर्यावरण कर. गाडी प्रत्यक्ष आरटीओत दाखवावी लागते, म्हणजे ब्रेक, दिवे, हॉर्न सगळं चालू हवं.

कुणी 'व्हिंटेज'मध्ये नोंदव असं सांगेल. ते नियम २०२१ मध्ये आले. त्यासाठी गाडीला पन्नास वर्षं पूर्ण हवीत, म्हणजे तुझी २०३१ पर्यंत बसत नाही. शिवाय त्या नंबरवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुला वाईहून पाचगणीला न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

आरसी बुक सापडलं का? जुनी तीन अक्षरांची पाटी असेल तर ती फेकू नकोस. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर आधी वाचून घे, गंजलेला असेल तर रॉकेलने सावकाश साफ कर, घासकागद अजिबात लावू नकोस. आकडा पुसट झाला तर आरटीओत फार त्रास होतो.

वाड्यातली_गाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. आरसी बुक आजीच्या ट्रंकेत मिळालं, दोन्ही नंबर जुळतायत. प्लग काढून तेल सोडलंय. आज हँडल थोडंसं हललं, साधारण दोन बोटं.

एक अडचण. तीन चाकं फिरतायत, पुढचं डावं जाम आहे. ड्रम निघतच नाही. हातोडी मारू का?

कोल्हापुरी_लेथ

मारू नकोस, ओतीव आहे, तडकेल. आत लायनिंग ड्रमला चिकटलंय. मागून ब्रेकचा अ‍ॅडजस्टर ढिला कर म्हणजे लायनिंग बसवलेले शूज आत जातील. मग ड्रमच्या कडेने तेल सोड, पण लायनिंगवर जाऊ देऊ नकोस, थोडंच. लाकडी ठोकळा मध्ये धरून गोल फिरत हलके ठोके दे, एकाच जागी नको. तरीही नाही सुटलं तर ड्रमचे फोटो टाक, पुढचा आणि मागचा. मागचा जरा जवळून घे, अ‍ॅडजस्टरचं डोकं दिसलं पाहिजे.